परळचे हाफकिन

मुलांनो, लहानपणी तुम्हांला पोलिओचे थेंब पाजले असतील. त्या लसीच्या कुप्यांवर अनेकदा एक नाव छापलेले असे : हाफकिन. हे औषधाचे नाव नाही, गावाचेही नाही. हे एका माणसाचे नाव आहे. तो परदेशातून आला, मुंबईत राहिला, तिथे त्याला मान मिळाला आणि एका बाटलीमुळे तो मान गेलाही. त्याची हकीकत तुम्ही वाचावी असे मला वाटते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्यांचे कुटुंब ज्यू होते. विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. हाफकिन हुशार होते, पण त्या राज्यात ज्यू माणसाला वरची जागा मिळणे कठीण होते. धर्म बदलला तर वाट मोकळी होईल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे जागा रिकामी होती ती ग्रंथालयात, मदतनिसाची. तीच त्यांनी घेतली आणि उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवू लागले. १८९२ साली त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले आणि गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

आता थोडे थांबू. लस तयार करायची म्हणजे आधी रोगाचे जंतू वाढवायचे आणि मग ते मारायचे. जंतू वाढवायचे कसे? हे तुमच्या आईला चांगले ठाऊक आहे. दुधात विरजण घातले की दही लागते, कारण विरजणातले जंतू दुधात वाढतात. थंडीत दही लवकर लागत नाही, म्हणून आई ते भांडे जाड कपड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवते. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते तीही ऊब देण्यासाठीच. प्रयोगशाळेत हेच काम एक पेटी करते. तिला इन्क्युबेटर म्हणतात. तिच्या भिंती दुहेरी असतात. आत विजेची तार तापते, आणि ठरलेली उष्णता आली की एक उपकरण वीज आपोआप बंद करते. उष्णता कमी झाली की तेच उपकरण वीज पुन्हा सुरू करते. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऊब कोणाचाही भेदभाव करत नाही. तुम्हांला हवा असलेला जंतू ती वाढवते आणि चुकून आत शिरलेला नको असलेला जंतूही वाढवते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. माणसे पटापट मरू लागली. लाखो लोक शहर सोडून निघाले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला, तो १० मार्च १८९७ रोजी. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि मुंबई इथल्या लोकांना फार दूर वाटे. पण रोगाला सरहद्द नसते.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. सोबत एक कारकून आणि तीन मदतनीस होते. त्या तिघांना हे काम शिकवलेले नव्हते. एवढ्यावर हाफकिन यांनी काम सुरू केले.

प्लेगचा जंतू मांसाच्या पाण्यात चांगला वाढतो. त्यासाठी बकऱ्याचे मांस घेतले गेले. गाईचे किंवा डुकराचे घेतले असते, तर या देशात ती लस कोणी टोचून घेतली असती? काचेच्या चंबूत हे पाणी भरून वर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे, जशी गुहेच्या छताला चुनखडीची झुंबरे लोंबतात. चंबू हलवला की ती वाढ तळाशी बसे आणि वर नवी सुरू होई. असे पाच-सहा आठवडे चाले. या जंतूला साधारण २८ अंश सेल्सिअसची ऊब सर्वांत मानवते. मग चंबू सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारत आणि त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घालत, म्हणजे दुसरा जंतू वाढू नये. या साऱ्या आठवड्यांत चंबूत फक्त प्लेगचाच जंतू असायला हवा. हीच या कामातली सर्वांत अवघड गोष्ट होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेच्या कित्येक पट. ताप आला, हात दुखला, पण ते काम करत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली, त्यांच्यात पुढे आजारी पडणारे फारच थोडे निघाले.

तरीही लोक सुईला घाबरत. नाना अफवा उठत. अशा वेळी तिसरे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. ते तेव्हा अवघे विशीतले होते. त्यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली, आणि ते पाहून त्यांच्या हजारो खोजा अनुयायांनीही घेतली. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. मला वाटते, त्या दिवसांत सरकारच्या शंभर फर्मानांपेक्षा या एका तरुणाच्या उघड्या दंडाने जास्त काम केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. लस आता लाखांच्या हिशोबाने तयार होऊ लागली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस आला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. आठवड्याभरात त्या एकोणिसांनाही धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. बाकीच्या बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली, त्यांना काही झाले नाही.

पायात खिळा घुसला की तुम्हांला दवाखान्यात इंजेक्शन देतात ना? ते या धनुर्वातासाठीच. त्याचा जंतू मातीत आणि शेणात असतो. तो कवच धारण करून वर्षानुवर्षे पडून राहतो. साध्या उकळण्यानेही तो मरेलच असे नाही. आणि जिथे हवा पोहोचत नाही, तिथेच तो वाढतो.

चौकशी बसली. वाढती मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लवकर लस तयार करण्याची नवी रीत सुरू केली होती. तिच्यात कार्बॉलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भरवसा ठेवलेला होता. चौकशी करणाऱ्यांनी ठरवले, की घाण परळच्या प्रयोगशाळेतच बाटलीत शिरली. हाफकिन यांचे पद गेले. प्रयोगशाळा सोडून त्यांना विलायतेला जावे लागले.

पण कागदपत्रांत एक वेगळी गोष्ट होती. मुल्कोवालला बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून त्याने पुन्हा वापरला होता. आता तुम्हीच विचार करा. ती बाटली भरून एकेचाळीस दिवस झाले होते. बंद बाटली, आत जंतूंचे खाद्य, हवा नाही आणि आपल्या देशाची ऊब! म्हणजे ती बाटली जणू एकेचाळीस दिवस इन्क्युबेटरमध्येच होती. धनुर्वाताचा जंतू परळलाच आत गेला असता, तर तो एवढ्या दिवसांत भरपूर वाढला असता आणि बूच काढताच घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्यांना तसा वास आला नव्हता.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा उचलून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी दिली. मधली पाच वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही, आणि त्या एकोणीस घरांचे तर काय सांगावे?

तुमच्यापैकी काही जण दहावीनंतर विज्ञान शाखेला जातील आणि इन्क्युबेटर वापरतील. तेव्हा तो चिमटा आठवा. पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर, सपाट व भक्कम टेबलावर ठेवावी आणि भिंतीला टेकवू नये. प्लग तीन पिनांचा असावा व तारेला अर्थिंग असावे. पहिला दिवसभर पेटी रिकामीच चालवावी. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहावे, कारण पेटीच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे बरे नाही. उष्णता एका जागी स्थिर झाली की मगच बशा आत ठेवाव्यात, त्याही दाटीवाटीने नव्हे. बशी नेहमी पालथी ठेवतात, म्हणजे झाकणावर साचलेले पाण्याचे थेंब जंतूंवर पडत नाहीत. प्रत्येक बशीवर नाव आणि तारीख लिहावी. स्पिरिटसारखी पेट घेणारी वस्तू पेटीत कधीही ठेवू नये. आमच्या राणीसावरगावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा दार उघडून पाहू नये. बंद पेटी बराच वेळ ऊब धरून राहते.

शाळेच्या प्रयोगात पेटी ३७ अंशांवर लावत नाहीत. ती आपल्या शरीराची उष्णता आहे, आणि माणसाला रोग देणारे अनेक जंतू तिच्यावर जोमाने वाढतात. २५ ते ३० अंश पुरेसे होतात. बशीचे झाकण दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टी लावून बसवावे. चोहोबाजूंनी मात्र ते बंद करू नये, कारण हवा तुटली की हवा न लागणाऱ्या जंतूंचे फावते. धनुर्वाताचा जंतू त्यांतलाच, हे तुम्ही वर वाचले आहे. प्रयोग संपल्यावरही बशी उघडायची नाही. ती तशीच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात, १२१ अंशांच्या दाबाच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. धनुर्वाताचे कवचही त्या वाफेत टिकत नाही. हे काम शिक्षकांनीच करावे. हात साबणाने धुणे मात्र तुमचे काम.

हाफकिन कलकत्त्याला परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. प्लेगच्या लसीचे कामही त्यांच्याकडे आले नाही. सेवेची मुदत संपल्यावर ते युरोपात गेले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. परळची ती जुनी दगडी इमारत अजून उभी आहे. मुंबईला गेलात तर आचार्य दोंदे मार्गावर ती तुम्हांला दिसेल.