वॉल्टर काडेन: सायलेन्सरमधून पॉवर काढणारा इंजिनिअर

आरएक्स १०० येतेय हे कळायला ती दिसावी लागत नाही. गल्लीच्या टोकाला असतानाच आवाजावरून ओळखता येते. १०० सीसीपेक्षा थोडं कमीच इंजिन, तरी एका ठराविक आरपीएमनंतर गाडी अचानक कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पळते. हे 'अचानक' कुठून येतं? उत्तराचा मोठा भाग सायलेन्सरमध्ये आहे, आणि तो भाग ज्यांनी नीट समजून घेतला त्यांचं नाव वॉल्टर काडेन. मोटरसायकल रेसिंगचा इतिहास वाचणारे त्यांना मोठ्या मानाने ओळखतात. आपल्याकडे मात्र त्यांच्या कामाचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही.

काडेन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या पोबरशाऊ गावचा. जवळच चोपाउ नावाचं गाव होतं आणि तिथे डीकेडब्ल्यू ही मोटरसायकल कंपनी. वडील त्या कंपनीच्या सेल्स मॅनेजरचे ड्रायव्हर. १९२७ साली न्यूरबुर्गरिंग हा प्रसिद्ध रेस ट्रॅक सुरू झाला, तेव्हा सात वर्षांचा वॉल्टर तिथे हजर होता. पुढे त्याने केमनिट्झमध्ये तांत्रिक शिक्षण घेतलं.

मग युद्ध आलं. १९४० पासून ते बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात कामाला लागले. तिथे एचएस २९३ नावाचं, रेडिओने दिशा देता येणारं, जहाजांवर मारा करणारं अस्त्र तयार होत होतं. त्यानंतर ते पेनेम्युंडेच्या संशोधन केंद्रातही होते. बऱ्याच ठिकाणी त्यांना थेट व्ही-२ रॉकेटचा इंजिनिअर करून टाकलं जातं, पण त्यांचं काम एचएस २९३ वरचं. तरी हा भाग 'हुशार रॉकेटवाला' म्हणून कौतुकाने सांगायचा आणि पुढे जायचं, हे मला पटत नाही. ती शस्त्रं नाझी राजवटीची होती आणि त्यांनी खरी माणसं मारली.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या कैदेतून सुटून ते चोपाउला परतले. बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या इमारतींच्या छपरांसाठी लाकडी सांगाडे बनवायचा धंदा सुरू केला, आणि उरलेल्या वेळात डीकेडब्ल्यूची आरटी १२५ घेऊन तिची रेसिंग बाइक करायला लागले. ही आरटी १२५ साधी गाडी नव्हती बरं का. युद्धानंतर तिची रचना जगभर उचलली गेली. ब्रिटनची बीएसए बँटम तिच्यावरून आली, आणि १९५५ ची यामाहाची सगळ्यात पहिली मोटरसायकल वायए-१ सुद्धा तिच्यावरूनच!

चोपाउ आता पूर्व जर्मनीत होतं. कारखाना सरकारी झाला, पुढे त्याचं नाव एमझेड पडलं. १९५३ मध्ये तिथल्या रेसिंग विभागाची जबाबदारी काडेन यांच्याकडे आली. पैसे कमी, चांगला धातू मिळायची मारामार, आणि समोर इटलीच्या महागड्या फोर-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोक म्हणजे स्वस्त, धूर सोडणारी, कामाला जायची गाडी असं तेव्हा सगळे धरून चालायचे.

पाइपमधली लाट

टू-स्ट्रोकचा प्रॉब्लेम समजून घेऊ. त्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, म्हणजे पोर्ट, आणि पिस्टन वर-खाली होताना ती उघडतो आणि झाकतो. जळलेला वायू बाहेर जात असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी! त्यामुळे ताजं मिश्रणही थेट सायलेन्सरमध्ये निसटतं. पेट्रोल वाया, पॉवर वाया.

काडेन यांनी हे कोडं पाइपच्या आकाराने सोडवलं. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून आवाजाच्या वेगाने धावते. पाइप हळूहळू रुंद होत गेला तर तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते. ती जळका वायू बाहेर खेचते आणि त्याच्या मागोमाग ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ओढून घेते. पुढे पाइप पुन्हा अरुंद केला तर तिथून दाबाची लाट परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आधी, निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पाइपच्या आत काहीही हलत नाही. नुसता पत्रा आणि त्याचा आकार. यालाच एक्सपान्शन चेंबर म्हणतात.

पोटात फुगीर पाइप वापरून बघणारे त्यांच्या आधीही होते. काडेन यांनी ऑसिलोस्कोप लावून आतल्या दाबाचा आलेख पाहिला आणि त्यावरून पाइप बदलत गेले. अंदाजपंचे काम बंद, मोजमाप सुरू. डिबगिंग करणाऱ्या माणसाला हे फार जवळचं वाटतं: आधी लॉग बघा, मग कोड बदला.

वेळेचं गणित करून बघा. १०,८०० आरपीएमवर एक फेरी साधारण साडेपाच मिलिसेकंदांत पूर्ण होते. एक्झॉस्ट पोर्ट त्यातला साधारण अर्धा वेळ उघडा धरला, तर पावणेतीन मिलिसेकंद मिळतात. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्यात लाट १.४ मीटर जाते. म्हणजे जाऊन परत यायला पाइपची लांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास हवी. आरपीएम बदलला की हे गणित बिघडतं. म्हणूनच अशी गाडी खाली सुस्त असते आणि ठराविक आरपीएमला एकदम उठते.

याला त्यांनी रोटरी डिस्क व्हॉल्व्ह आणि जादा ट्रान्सफर पोर्टची जोड दिली. डिस्क व्हॉल्व्हची कल्पना डॅनियल झिमरमन या खासगी रेसरच्या गाडीवरून घेतलेली. १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर द्यायला लागलं. म्हणजे लिटरला २०० हॉर्सपॉवर, टर्बो-सुपरचार्जर काहीही न लावता. तोवर कुठलंच इंजिन इथपर्यंत पोहोचलं नव्हतं.

तुमच्या गाडीच्या जॉइंटला याचं काय?

बरंच काही. पाइप हा इंजिनचाच भाग असेल तर पाइपचा जॉइंट लीक असणं म्हणजे इंजिन लीक असणं. टू-स्ट्रोकमध्ये लाटेचा दाब फटीतून निसटतो, ओढणारी लाट आली की बाहेरची हवा आत शिरते आणि परतीची लाट लुळी पडते. गाडी चालते, पण ती जोरात उठणारी मजा जाते. फोर-स्ट्रोकमध्ये नुकसान कमी, पण थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो. बीएस-६ गाडीत सेन्सरच्या आधी लीक असेल, तर बाहेरची हवा बघून ईसीयू फसतो आणि पेट्रोल वाढवतो.

घरी सायलेन्सर बसवताना इंजिन पूर्ण गार असू द्या. जुनी पॅकिंग रिंग पोर्टमधून खरंच निघाली का ते टॉर्च मारून बघा. बऱ्याचदा ती काजळीत चिकटून बसलेली असते, आपण तिच्यावर दुसरी बसवतो आणि जॉइंट कधीच टाइट होत नाही. जुन्या रिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडी खरवडू नका, ओली करून काढा. स्टडचे आटे वायर ब्रशने साफ करा. नवीन रिंग थोडं ग्रीस लावून चिकटवा, म्हणजे पाइप लावताना पडत नाही.

यानंतर सगळे नट-बोल्ट फक्त हातानेच लावा. पाइप जोर न लावता जागेवर बसला पाहिजे. मग आधी सिलिंडरकडचे दोन नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मागचा आवळला तर पाइप पुढे तिरका बसतो, रिंग एका बाजूनेच दबते आणि पुढे व्हायब्रेशनने पाइपला तडा जातो. जुन्या टू-स्ट्रोक जावा-येझदीवाल्यांना दोन नट नाहीत, एकच मोठा आट्यांचा नट आहे. तो हुक पान्यानेच फिरवा. छिन्नी-हातोडी मारून त्याच्या पाकळ्या तोडू नका.

लाल सिलिकॉनची ट्यूब सिलिंडरच्या जॉइंटला लावायचा मोह आवरा. तिथल्या तापमानाला ती टिकत नाही. एकात एक सरकणाऱ्या पाइपांच्या जॉइंटला एक्झॉस्ट पेस्ट चालते. गाडी सुरू करून तपासणी उघड्यावरच करा, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. हातमोजा घालून सायलेन्सरच्या टोकाशी जाड फडकं क्षणभर धरा. जॉइंटपाशी सुस्कारा ऐकू आला किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत काळा डाग दिसला, तर लीक आहे. एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, कारण नवीन रिंग थोडी दबतेच.

जे पाइपमधून नाही, माणसातून लीक झालं

१९६१ मध्ये काडेन यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर १२५ सीसीच्या जागतिक विजेतेपदासाठी आघाडीवर होता. तो स्वतःही चांगला इंजिनिअर. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या रेसमध्ये त्याचं इंजिन बंद पडलं आणि तो परत आलाच नाही. त्याच सुमारास त्याच्या बायको-मुलांना गाडीत लपवून पश्चिमेत आणलं गेलं होतं. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं.

डेग्नर सुझुकीत गेला आणि काडेन यांचं सगळं ज्ञान सोबत घेऊन गेला. १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. टू-स्ट्रोकचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. १९६४ मध्ये यामाहाने २५० सीसीचं विजेतेपद टू-स्ट्रोकवर जिंकलं. ज्या गोष्टीला काडेन यांची वर्षं गेली ती जपानमध्ये एका सीझनमध्ये पोहोचली. याला चोरी म्हणायचं की भिंतीआड अडकलेल्या माणसाने स्वतःच्या सुटकेची दिलेली किंमत? मला दोन्ही खरं वाटतं. पण बिल काडेन यांच्या नावावर फाटलं, एवढं नक्की.

ते स्वतः चोपाउ सोडून गेले नाहीत. १९६३ मध्ये माइक हेलवूडने त्यांच्या २५० सीसी गाडीवर पूर्व जर्मनीचीच ग्रां प्री जिंकली, घरच्या प्रेक्षकांसमोर. १९५५ ते १९७६ या काळात त्यांच्या इंजिनांनी १३ ग्रां प्री जिंकल्या. जागतिक विजेतेपद एमझेडला एकदाही मिळालं नाही.

पुढची काही दशकं ग्रां प्रीच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोकचंच राज्य होतं, आणि प्रत्येक गाडीखाली पोट फुगलेला तो पाइप दिसायचा. ३ मार्च १९९६ ला काडेन गेले. भारतात आरएक्स १०० चं उत्पादन बंद झालं तेही १९९६ मध्येच.