हातात मोबाईल नव्हता, तरी सिनेमा झाला: कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची गोष्ट

शॉर्ट फिल्म करायची म्हटली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता फोन घेऊ? गिंबल लागेल का? एडिटिंगला कुठलं ॲप चांगलं? स्टोरी काय आहे, हे मात्र शेवटी, कधी कधी तर शूटिंगच्या आदल्या रात्री ठरतं.

आमच्या कबनूरपासून तासाभरावर, कोल्हापुरात, शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हे सगळं उलट्या क्रमाने केलं. त्याच्याकडे कॅमेराच नव्हता. तो त्याने बनवला, पण डोक्यात चित्रं आधी होती. त्यांचं नाव बाबूराव पेंटर.

मेस्त्रीचे पेंटर कसे झाले?

जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणं कारागिरांचं, त्यामुळे लाकूड, धातू, रंग हे सगळं लहानपणापासून हाताखालचं. शाळेचं शिक्षण फार झालं नाही. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी अशा मोठ्या कंपन्यांसाठी त्यांनी काम केलं. पडद्यावरचा राजवाडा इतका खरा वाटायचा की लोक दोघांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहिल्यावर दोघा भावांना चैन पडेना. आपणही सिनेमा करायचा! पण कॅमेरा परदेशी आणि किंमत आवाक्याबाहेरची.

देशी कॅमेरा: आत काय चालतं?

आधी त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्यावर सिनेमे दाखवायला सुरुवात केली. इथे थोडं टेक्निकल समजून घेऊ. फिल्मची पट्टी सलग सरकत राहिली तर फोटो फराटा मारल्यासारखा येतो. म्हणून प्रत्येक फ्रेमला ती क्षणभर थांबवावी लागते, उजेड आत घ्यावा लागतो, मग शटर बंद करून पट्टी पुढची फ्रेम येईल इतकी ओढावी लागते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्येही हीच थांब-सरक असते. फरक इतकाच की तिथे उजेड आतून बाहेर जातो. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर कळला, त्याला कॅमेऱ्याचं निम्मं यंत्र कळलं.

आमच्या भागात मागाचा पार्ट मोडला तर जॉबर तो हातात घेऊन बघतो आणि तसाच दुसरा लेथवर करून आणतो. पेंटर बंधूंची पद्धत काहीशी अशीच. पण काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. हा मोठा धक्का होता. बाबूरावांनी काम सोडलं नाही. यंत्रकामात हुशार असलेले शिष्य विष्णुपंत दामले सोबतीला होते. १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, छत्रपती शाहू महाराजांचा आधार मिळाला.

शूटिंगच्या आधी कागद

पहिला मोठा सिनेमा 'सैरंध्री', १९२०. त्यामागे खाडिलकरांचं 'कीचकवध' हे नाटक होतं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. म्हणजे गोष्ट महाभारतातली, पण बघणाऱ्याला आजची वाटणारी. कीचकाच्या वधाचा सीन इतका भयंकर वठला की प्रेक्षक घाबरले आणि तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं.

त्यांची पटकथा लिहायची पद्धत आपल्या कामाची आहे. ते सीन नुसता लिहीत नसत, काढत असत. पात्र कुठे उभं राहील, कुठून कुठे जाईल, अंगावर काय असेल, याची स्केचेस शूटिंगआधी तयार असायची. आज आपण याला स्टोरीबोर्ड म्हणतो. मूकपटात संवाद ऐकू येत नाहीत, मधे पाट्या येतात. पाट्या वाढल्या की प्रेक्षक कंटाळतो. त्यामुळे गोष्ट चित्रातूनच पुढे सरकावी लागते.

पुढे रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरे उभे सेट, कृत्रिम प्रकाश, स्वतः रंगवलेली पोस्टर्स, फोटोंसह माहितीपुस्तिका हे सगळं त्यांनी केलं.

'सावकारी पाश': धाडस आणि किंमत

पौराणिक सिनेमे चालत होते. तरी १९२५ मध्ये बाबूरावांनी ना. ह. आपटे यांची कथा घेतली. खोट्या कागदपत्रांमुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. ना देव, ना चमत्कार. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारा कुत्रा, एवढ्याच एका दृश्यात घरावरचं संकट कळायचं.

सिनेमा फारसा चालला नाही. लोकांना एवढं खरं बघायची सवय नव्हती. बाबूराव पुन्हा जुन्या विषयांकडे वळले.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे तयार केलेले शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पाठोपाठ बोलपट आला. महाराष्ट्र फिल्म कंपनी यातून सावरली नाही, थोड्याच काळात बंद पडली. बाबूरावांनी नंतर 'उषा', 'प्रतिभा' असे बोलपट केले, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा आवाजासह केला. पण आधीचा दबदबा परत आला नाही. चित्रकला आणि शिल्पकला मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

आपण काय घ्यायचं?

१९२५ चा मूक 'सावकारी पाश' आज उपलब्ध नाही. तो कुत्र्याचा सीन आपल्याला माहीत आहे तो फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीमुळे. फिल्म गेली, चित्र राहिलं. (आणि हो, तुमच्या फुटेजचा बॅकअप आजच दुसरीकडे ठेवा.)

पुढची शॉर्ट फिल्म करताना एक करून बघा. कागदावर दहा चौकोन आखा. प्रत्येकात एक शॉट काढा, चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. मग तो कागद मित्राला दाखवा आणि तोंडातून एक शब्द काढू नका. त्याला गोष्ट कळली तर तुमच्याकडे आहे तो फोन पुरे. नाही कळली, तर नवीन फोन घेऊनही कळणार नाही.

आणि कोल्हापूरला गेलात तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. सेल्फी काढाच, पण तो काढण्याआधी दोन मिनिटं त्या कॅमेऱ्याकडे बघा.