दलदल विकत घेणारा माणूस

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत चूकभूल द्यावी घ्यावी! गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलमागच्या तळ्याकाठी चतुराचा एक फोटो काढायला मी तासभर चिखलात बसले होते. रूमवर आल्यावर रूममेटने विचारलं, याचा इंजिनिअरिंगशी काय संबंध? मला उत्तर देता आलं नाही. पुढे चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांच्याबद्दल वाचलं आणि वाटलं, हा प्रश्न त्यांनाही रोज पडत असणार.

त्यांचा जन्म ९ मे १८७७ रोजी लंडनला, जगप्रसिद्ध बँकवाल्यांच्या घरात झाला. लहानपणापासून वेड मात्र फुलपाखरांचं. हॅरोच्या शाळेत ज्यू म्हणून मुलांनी त्यांचा अतोनात छळ केला. केंब्रिजला शिकून ते बाहेर पडले, पण थोरल्या भावाचं मन बँकेत रमेना, म्हणून कामाचं ओझं चार्ल्सवर आलं. ते त्यांनी निमूटपणे उचललं. दिवसभर बँक आणि उरलेल्या वेळात किडे!

त्यातही त्यांचा खास विषय म्हणजे पिसवा. सुमारे ५०० नव्या जाती त्यांनी जगापुढे आणल्या. १९०१ मध्ये सुदानमधल्या शेंडी इथे मिळालेल्या एका पिसवेचं वर्णन त्यांनी १९०३ मध्ये छापलं आणि पिरॅमिडवाल्या किऑप्स राजावरून तिला नाव दिलं. पुढे मुंबईत प्लेग कमिशनने केलेल्या प्रयोगांत उंदरांमधला प्लेग पसरवणारी म्हणून हीच पिसू सापडली. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात ज्या प्लेगने हाहाकार केला, त्याचं कोडं सुटायला या बँकवाल्याचा छंद असा उपयोगी पडला.

पण मला जास्त आवडलं ते त्यांचं दुसरं काम. त्या काळी दुर्मिळ फुलपाखरू दिसलं की लोक ते टाचणीला टोचून पेटीत ठेवायचे. इंग्लंडमधल्या दलदली शेतीसाठी उपसून कोरड्या केल्या आणि लार्ज कॉपर नावाचं तांबूस फुलपाखरू १९व्या शतकाच्या मध्यालाच तिथून नाहीसं झालं. चार्ल्सना कळलं की किडा वाचवायचा तर आधी त्याची जागा वाचवली पाहिजे. १९०१ मध्ये त्यांनी विकन फेन या दलदलीतली जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. १९१० मध्ये वुडवॉल्टन फेन विकत घेतलं आणि तिथे खांबांवर उभी एक छोटी बंगली बांधली. १९१२ मध्ये अशा जागा जपण्यासाठी संस्था काढली. गावोगावच्या जाणकारांकडून माहिती मागवून २८४ जागांची यादी केली आणि १९१५ मध्ये ती सरकारला दिली. पण महायुद्ध चालू होतं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखी ती यादीही बाजूला पडली!

पुढे आजारपणाने त्यांना गाठलं. मनही खचत गेलं. १२ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. आपल्या शेजारच्या रूममध्येही कोणी तरी असं गप्प गप्प राहत असेल. दार ठोठवायला काय हरकत आहे?

राखीव जागांचा कायदा ब्रिटनमध्ये १९४९ मध्ये झाला, म्हणजे ते गेल्यावर २६ वर्षांनी. त्यांची मुलगी मिरियमसुद्धा पिसवांची मोठी अभ्यासक झाली. विकन आणि वुडवॉल्टनला आजही चतुर उडतात आणि कॅमेरेवाले चिखलात बसतात.

आपल्या तळ्याच्या एका कडेला हल्ली राडारोडा पडू लागलाय. ते विकत घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत, मेसचं बिलच थकलंय! पण यादी तर करता येते. आतापर्यंत माझ्या कॅमेऱ्यात ११ प्रकारची फुलपाखरं आणि ४ प्रकारचे चतुर आलेत. रविवारी सकाळी ७ वाजता मी मेसमागच्या कट्ट्यावर असेन. या. चपला जुन्या घाला.