पाचगणीच्या बोर्डिंगमधला फारुख पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला

इंग्रजी गाणी ऐकत नसाल, तरी ‘द शो मस्ट गो ऑन’ एकदा ऐकाच. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीत शिकलेला फारुख बुलसारा.

१९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्म. आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला समुद्रापार, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथंच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ बँड काढला. फारुख पियानोवर.

१९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढं ‘क्वीन’ बँड उभा राहिला, १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नं जग जिंकलं.

‘द शो मस्ट गो ऑन’ रेकॉर्ड झालं तेव्हा एड्सनं शरीर पोखरलं होतं. आवाज मात्र कुठंच थकलेला वाटत नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५.