केडगावचा ताळेबंद

१९८६-८७ च्या सुमारास मी दौंड तालुक्यातल्या एका बँकशाखेत कर्जाचे अर्ज पाहणारा अधिकारी होतो. पुण्याहून सकाळची शटल पकडायची आणि संध्याकाळी तिनेच परतायचे. वाटेत केडगाव स्टेशन लागे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, एवढे ठाऊक होते. पण उतरून पाहावे असे कधी वाटले नव्हते. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात रमाबाईंचे नाव निघाले की आवाज जरा खाली येई. विद्वान होत्या, पण बाटल्या, या चार शब्दांत त्यांचा विषय संपत असे.

एके दिवशी शिलाई यंत्रासाठी कर्ज मागायला एक विधवा बाई आल्या. जमिनीचा सातबारा दिराच्या नावावर, तारण नाही, जामीनदार नाही. शिवणकाम मात्र केडगावच्या मिशनमध्ये शिकलेल्या. मी अर्ज परत केला. नियमाने माझे काहीच चुकले नव्हते. बाई वाद न घालता कागदांची नीट घडी करून निघून गेल्या. पुढच्या रविवारी मी केडगावला उतरलो. का, ते नेमके सांगता येणार नाही. त्यानंतर रमाबाईंविषयी जे मिळेल ते वाचत गेलो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात घर बांधले. आल्यागेल्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात होते ते द्रव्य संपले. मग पुराणे सांगत तीर्थयात्रा सुरू झाली. मुलीला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. पण मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोण उरणार? भीक मागायला मन धजेना, मजुरी करणे कुळाला शोभेना आणि पोटापुरते मिळवून देणारे कोणतेही काम कोणाला येईना. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा विशीच्या आत होत्या.

उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी देश पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी, थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून दोघे वाळूत खड्डे खणून त्यांत निजले आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, ती ही अशा खड्ड्यातून उठून आलेली होती. आपण पदव्या लक्षात ठेवतो, वाळू विसरतो. मला वाटते, त्यांचे पुढचे सगळे आयुष्य त्या वाळूपासून मोजावे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेला. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण कमी ऐकू येत असल्याने ते साधले नाही.

वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक सदन होते. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे शुश्रूषा होई. ज्यांचे नाव घेणेही पाप, त्यांच्याशी या बायका मायेने का वागतात, हा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही बाई सेवा पाहून वळली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र चर्चनेही त्यांना मुकाट्याने मान तुकवताना पाहिले नाही. येशूवर श्रद्धा ठेवली म्हणजे इंग्लंडमधल्या धर्माधिकाऱ्यांचे प्रत्येक मत शिरोधार्य, हे त्यांनी मानले नाही. पुरुषांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती हरकतच तपासायला घेतली. शाकाहार सोडला नाही. गरिबांची सेवा करणाऱ्या चर्चवर त्यांचे प्रेम होते, हुकूम सोडणाऱ्या चर्चशी त्यांचे भांडण होते. दोन्ही त्यांनी उघडपणे केले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्यांना १० वर्षांच्या मदतीची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन होते. पण रमाबाई प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार लावून घेत नसत आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. मदत छावण्यांत अनाथ मुलींचे काय हाल होतात ते पाहिले आणि सुमारे ३०० जणींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या मुलींना शहरात जागा मिळणार नव्हती. केडगावला आधी घेऊन ठेवलेली जमीन होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर ही संख्या २,०००च्या घरात गेली. अंधांना ब्रेल शिकवले गेले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले.

माझ्यातला बँकवाला थबकला तो इथे. एवढी तोंडे, आणि ठरलेले उत्पन्न नाही. पण खर्चाच्या बाजूला नुसते धान्य नव्हते. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना असे काही ना काही काम तिथल्या मुलींना शिकवले जाई. शास्त्रे येत होती आणि पोट भरण्याचे एकही काम येत नव्हते म्हणून ज्या घरातली माणसे उपाशी मेली, त्या घरातल्या मुलीने हा जमाखर्च मांडला होता. घरी आलेली भुकेली मुलगी जाताना हातात काम घेऊन जावी, हा तिचा दानधर्म होता.

मुक्ती सदन उघडउघड ख्रिस्ती होते आणि तिथल्या बहुतेकजणी ख्रिस्ती झाल्या. भाकरी देणाऱ्याचा धर्म घेताना भुकेल्याची संमती कितपत मोकळी असते? हा प्रश्न टिळकांच्या काळी रास्त होता, आजही आहे आणि रमाबाईंवरच्या प्रेमापोटी मी तो झाकणार नाही. परंतु विचारणाऱ्यांपैकी किती जण त्या मुली आणायला दुष्काळी छावणीत गेले होते, हेही त्याच पानावर लिहायला हवे. खरे उत्तर वादातून आलेच नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केले आणि १८९६ मध्ये स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंना उत्तर द्यायचे तर ते असे द्यायला हवे होते.

शेवटची वर्षे त्यांनी बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवण्यात घालवली. खिळे जुळवणाऱ्या हातांत सदनातल्या बायकांचेही हात होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ मध्ये.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनीही तो परत केलेला अर्ज मला आठवतो. पुढे त्या बाईंना यंत्र मिळाले की नाही, मला कळले नाही. तारण म्हणून मी जमीन मागत होतो. त्यांच्या बोटांत शिवण होती, ती मला दिसली नाही. रमाबाईंना दिसली असती.