मण्यारीच्या गुणसूत्रातून उलगडलेले कोडे : डॉ. लालजी सिंह

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी या खेड्यात ५ जुलै १९४७ रोजी एका शेतकरी कुटुंबात लालजी सिंह यांचा जन्म झाला. गावात आठवीपुढे शाळा नव्हती. म्हणून परगावी जाऊन त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे प्रा. राय-चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करून १९७१ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

आपल्या डोळ्यातील आणि यकृतातील पेशींत डीएनए एकच असतो; तरीही त्यांची कार्ये भिन्न असतात. कोणते जनुक जागे राहावे आणि कोणते निद्रिस्त, हे डीएनएच्या धाग्याच्या घडणीवरही अवलंबून असते. सुमारे दोन मीटर लांबीचा हा धागा पेशीच्या सूक्ष्म केंद्रकात मावतो. जेथे तो घट्ट गुंडाळलेला असतो, तेथील जनुके बहुधा मूक राहतात. सस्तन प्राण्यांच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक असेच मिटलेले असते.

१९७४ मध्ये लालजी एडिंबरा विद्यापीठात गेले. सापाच्या मादीचे डब्ल्यू गुणसूत्र शरीराच्या पेशींत घट्ट मिटलेले असते. परंतु वाढत्या अंडपेशीत ते उलगडते, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून त्यांनी वेगळा केलेला पुनरावृत्तीचा अंश 'बीकेएम' म्हणून ओळखला जातो. याच अंशाच्या साहाय्याने १९८२ मध्ये एक कोडे सुटले : काही उंदीर वाय गुणसूत्राशिवायही नर होत होते, कारण वायचा एक तुकडा एक्सला जाऊन जोडला गेला होता.

१९८७ मध्ये ते हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आले. मण्यारीचा तोच अंश वापरून त्यांनी डीएनए ठसे तपासणीची स्वदेशी पद्धत विकसित केली. राजीव गांधी हत्याप्रकरणाच्या तपासातही तिचा उपयोग झाला. १९९८ ते २००९ या काळात ते त्या केंद्राचे संचालक होते. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

मूळ प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. 'बीकेएम'मधील चार अक्षरांच्या पुनरावृत्ती मानवी पेशींतही एका जनुकाची चालना शेजारच्या जनुकापर्यंत पोहोचू देत नाहीत, शेताच्या बांधासारख्या त्या मध्ये उभ्या राहतात, असे २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. कधीकाळी निरुपयोगी मानल्या गेलेल्या डीएनएचे हे मोल होते.

२०११ मध्ये ते आपल्याच विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले आणि नाममात्र एक रुपया वेतन स्वीकारून २०१४ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. १० डिसेंबर २०१७ रोजी वाराणसीतच त्यांची प्राणज्योत मालवली.

आपला मुलगा किंवा मुलगी सापांच्या गुणसूत्रांवर आयुष्य वेचू म्हणाली, तर आपण पालक प्रथम त्याचा उपयोग काय, असेच विचारू. लालजींच्या बाबतीत त्या उत्तराला अनेक वर्षे लागली, आणि ते न्यायालयापर्यंत व मानवी जनुकांपर्यंत पोहोचले. तेवढा धीर धरणे हेच शाळेचे आणि घराचे काम आहे.