बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

अमडापूर (ता. चिखली, जि. बुलढाणा) : दरवर्षी १ मे रोजी आपल्या शाळांत झेंडावंदन होतं, महाराष्ट्र दिनाची भाषणं होतात. पण अमडापूर, चिखली, मेहकर, खामगाव हा आपला सगळा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भासोबत बुलढाणा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मराठी माणसाचं हे राज्य व्हावं म्हणून ज्यांनी डफ हातात घेऊन लाखोंच्या सभा जागवल्या, त्यांत पहिल्या रांगेत होते शाहीर अमर शेख. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. भाषणात शाहिरांचा उल्लेख झालाच तर होतो, पण हा माणूस आपल्यातलाच होता, हे आपल्याच घरातल्या अनेक मुलांना ठाऊक नसतं.

आजकाल माणसाला उमेद देणाऱ्या वक्त्याला मोटिव्हेशनल स्पीकर म्हणतात. मोठा हॉल असतो, पडदा असतो, तिकीट असतं. अमर शेख यांनीही आयुष्यभर लोकांना उमेदच दिली, पण त्यांचे श्रोते होते गिरणी कामगार आणि शेतकरी. आणि ते एकट्याने मोठं कसं व्हायचं हे शिकवत नव्हते. सगळ्यांनी मिळून उभं कसं राहायचं, हे सांगत होते.

गरिबीतलं बालपण

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत झाला. घरची परिस्थिती हलाखीची. शाळा पुरी होऊ शकली नाही. पण आई मुनेरबी यांच्याकडे लोकगीतांचा खजिना होता आणि तोच त्यांना वारशात मिळाला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दख्खनच्या खेड्यांत मुसलमान बायाही जात्यावर दळताना मराठी ओव्या गात आल्या आहेत. तेव्हा मराठी ही काही अमर शेख यांनी बाहेर जाऊन कमावलेली भाषा नव्हती. ती त्यांना आईच्या तोंडून, घरातच मिळाली.

पोटासाठी त्यांनी मिळेल ते काम केलं. बसवर क्लीनर राहिले, गिरणीत मजुरी केली. स्वातंत्र्याच्या चळवळीत कोवळ्या वयातच तुरुंग पाहिला. पुढे बार्शीत गिरणी कामगारांच्या संपात ते आघाडीवर होते. हळूहळू ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांची बांधिलकी कष्टकऱ्यांशीच राहिली. त्यांचं राजकारण प्रत्येकाला पटेलच असं नाही. पण ज्याने भूक स्वतः सोसली, तो भुकेल्यांच्या बाजूने का उभा राहिला, हे समजायला कुठल्या पक्षात असावं लागत नाही.

मधल्या काळात ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत नोकरीला होते. तिथेच मित्रांनी त्यांना अमर शेख हे नाव दिलं. मेहबूबचे ते अमर झाले, पण पुढचं शेख त्यांनी लपवलं नाही. त्याच नावाने ते स्टेजवर उभे राहिले आणि महाराष्ट्राने त्याच नावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

डफ, पहाडी आवाज आणि तीन शाहीर

१९४४ च्या सुमारास मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तिघे शाहीर होते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि बार्शीचे अमर शेख. एक मातंग समाजातला, एक मुसलमान, सगळे कष्टकऱ्यांतून वर आलेले. लालबाग-परळच्या गिरणगावात, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. दिवसभर मागावर उभं राहून थकलेला कामगार रात्री पुन्हा उभा राहून त्यांना ऐकायचा. अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. या कलापथकाचा असर एवढा वाढला की त्या वेळच्या मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. या लढ्यात १०० हून अधिक माणसं शहीद झाली. त्या वर्षांत सभा म्हणजे आधी शाहिरी आणि मग भाषण, असा जणू रिवाजच पडला होता. मोठे पुढारी बोलायला उभे राहण्याआधी मैदान तापवायचं काम शाहिरांचं. अण्णाभाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेख यांच्या आवाजातून घराघरांत पोहोचली. लिहिणारा एक, गाणारा दुसरा, आणि त्यात दुःख मात्र सगळ्या मराठी मुलखाचं. गोवा मुक्तीच्या लढ्यातही त्यांच्या शाहिरीने साथ दिली. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, तेव्हा लोकांनी देशासाठी उभं राहावं म्हणून त्यांनी गाणं रचलं.

फाळणीनंतरचा तो काळ आपल्या समाजासाठी सोपा नव्हता. मुसलमानाच्या निष्ठेबद्दल उघड किंवा दबक्या आवाजात प्रश्न विचारले जात होते. अशा दिवसांत एक शेख महाराष्ट्राच्या मैदानांत उभा राहून मराठीच्या हक्कासाठी गात होता. कुणी पुरावा मागितला म्हणून नव्हे. ही माती आपली आहे, यात त्याला स्वतःला शंकाच नव्हती, म्हणून.

गाणाराच नव्हे, लेखकही

आवाजाची कीर्ती एवढी मोठी झाली की त्यामागचा लेखक थोडा झाकला गेला. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ मधलं. १९५८ मध्ये ‘कलश’ आणि १९६३ मध्ये ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आले. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ या नियतकालिकांचं संपादनही त्यांनी केलं. ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी भूमिका केली. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्की यांच्याशी केली होती. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाने हे सगळं केलं, हे दहावीत नापास झाल्यावर खचून जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगायलाच हवं.

त्यांच्या पत्नी ज्योती, माहेरच्या कुसुम जयकर. मुलगी मलिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री. कवी नामदेव ढसाळ हे त्यांचे जावई. म्हणजे शब्दांचा वारसा मुनेरबींपासून नातीपर्यंत पोहोचला.

४२ दिवसांचं अंतर

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर बरोबर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचं निधन झालं. वय अवघं ५२. एका स्टेजवर गाणारे दोन आवाज दीड महिन्याच्या आत शांत झाले. पुढे मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन सुरू झालं.

विद्यापीठाने आपलं काम केलं, घरातलं काम आपलं आहे. ज्यांनी अमर शेख यांना मैदानात उभं राहून ऐकलं, ती माणसं आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कुणाचे दादा, कुणाची नानी. त्यांच्याजवळ बसा, त्या दिवसांबद्दल विचारा आणि ते जे सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि येत्या १ मे रोजी शाळेत भाषण करायला आपलं मूल उभं राहणार असेल, तर त्याला दोन्ही नावं पाठ करून पाठवा. मेहबूब हुसेन पटेल आणि शाहीर अमर शेख.